साखरेची घरगुती आवरणे : हलवा व आयसिंग

पक्वान्नाच्या पृष्ठभागावर शोभेसाठी, गोडीसाठी किंवा पदार्थ टिकावा म्हणून घरी चढविण्यात येणारे साखरेचे लेप, तसेच हे लेप करण्याची विद्या आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे ज्या मार्गाने गेली, ती परंपरा. केकवर लोणी व पिठीसाखर यांचा जो लेप देतात त्यास मराठीत ‘आयसिंग’ असेच म्हणतात. त्याला रूढ असा मराठी प्रतिशब्द नाही. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना या लेपाचा परिचय विसाव्या शतकात झाला. तथापि दाण्यावर पाकाचे पुटावर पूट चढविण्याची कला येथील स्त्रियांच्या हाती त्यापूर्वीच होती. संक्रांतीचा काटेरी हलवा हे तिचे सर्वांत परिणत उदाहरण होय. घरगुती आयसिंगचा महाराष्ट्रातील इतिहास पाहताना हलव्यापासूनच आरंभ करावा लागतो.

दोन्ही पदार्थांच्या मुळाशी शुभ्र, दाणेदार साखर आहे आणि ती सर्वसामान्य घरात सहज मिळू लागली ती बरीच अलीकडे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे बारामती व इंदापूर या तालुक्यांत, पाऊस कमी व बेभरवशाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि ज्वारी-बाजरीच्या शेतांशेजारी उसाचे मळे उभे राहिले. आरंभी त्या उसाचा गूळच होई. गुऱ्हाळे चालत, बारामतीच्या पेठेत गुळाचा व्यापार वाढला आणि सणावारांचे गोडही गुळाचेच राहिले : पुरणपोळी, गुळवणी, लापशी, तिळगूळ. साखर ही विकत आणण्याची, जपून वापरण्याची वस्तू होती. ती बहुधा मॉरिशस व जावा येथून येई. ‘मोरसची साखर’ हा शब्दप्रयोग त्याची साक्ष देतो. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा ती हाडांच्या कोळशाने शुद्ध केलेली असते हा आक्षेपही पुढे आला आणि अनेक सोवळ्या स्वयंपाकघरांतून ती बाहेर गेली.

१९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने हे चित्र पालटले. आयात साखरेवर संरक्षक जकात बसताच देशातील साखर कारखान्यांची संख्या सु. ३० वरून चार-पाच वर्षांत १३० च्या वर गेली. याच लाटेत सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या उद्योगसमूहाने इंदापूर तालुक्यातील कळंब येथे १९३३-३४ च्या सुमारास साखर कारखाना उभारला. त्याभोवती वाढलेली वसाहत वालचंदनगर म्हणून ओळखली जाऊ लागली. हे नाव पुढे साखर कारखान्यांची यंत्रे आणि इतर अवजड अभियांत्रिकी सामग्री यांसाठी देशभर प्रसिद्ध झाले. कळंब हे जुने गाव मात्र आपल्या नावानिशी शेजारी राहिले. याच समूहाच्या नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथील कारखान्यात १९४२ पासून गोळ्या-चॉकलेटेही होऊ लागली. १९५० नंतर सहकारी कारखाने निघाले. अशा रीतीने ज्या टापूत एका पिढीपूर्वी साखर पुडीतून येत होती, तेथेच ती पोत्यांनी तयार होऊ लागली. मात्र जवळ पिकते म्हणून ती घरात मुबलक आली, असे झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून साखरेवर सरकारी नियंत्रण आले आणि कमीअधिक प्रमाणात ते अनेक दशके राहिले. शिधापत्रिकेवर माणशी मिळणारी साखर चहालाच पुरेशी होत नसे. सणासाठी ती महिनोन्‌महिने वाचवून ठेवणे हा गृहिणीच्या हिशेबाचा भाग होता. ऊस तोडण्यासाठी हंगामात येणाऱ्या व कोप्यांतून राहणाऱ्या मजुरांच्या चुलीवर तर आयसिंगचा प्रश्नच कधी उद्‌भवला नाही. साखरेच्या कोणत्याही इतिहासात ही बाजू नोंदवावयास हवी.

हलवा : मकरसंक्रांतीला वाटण्यात येणारा हा हलवा मूलतः साखरेने मढविलेला दाणा होय. दाण्यासाठी तीळ, खसखस, वरी, साबुदाणा, बडीशेप, वेलदोड्याचे दाणे, लवंग, मगज किंवा चुरमुरे घेतात. प्रथम साखरेत पाणी घालून उकळतात व त्यात थोडे दूध सोडतात. दुधातील प्रथिने उष्णतेने साकळतात आणि साखरेतील मळ त्यांत अडकून वर येतो. ही मळी काढून पाक गाळून घेतात. (यूरोपात हेच काम अंड्याच्या पांढऱ्या बलकाने केले जात असे.) मंद निखाऱ्यांच्या शेगडीवर परात ठेवून तीत दाणे पसरतात, त्यांवर चमच्याने थोडा थोडा पाक सोडतात आणि बोटांच्या अग्रांनी दाणे सतत फिरवीत राहतात. एक पूट वाळल्याशिवाय दुसरे देत नाहीत. पाण्याची वाफ होऊन साखरेचे सूक्ष्म स्फटिक दाण्यावर बसतात. जेथे एकदा उंचवटा आला तेथे पाक अधिक लागतो, म्हणून तो उंचवटा वाढत जाऊन काटा होतो. आच वाढली तर साखर दाण्यास न चिकटता तिचा भुगा होतो. आच कमी पडली तर दाणे एकमेकांस चिकटतात. पाकाची धार मोठी पडली तर आलेले काटेही विरघळतात. हे काम काही तासांचे नसून दिवसांचे आहे. ते पौषातील कोरड्या, थंड हवेत उत्तम साधते, आणि सण व ऋतू यांची ही सांगड केवळ योगायोगाची मानता येत नाही.

असा हलवा दोऱ्यात ओवून किंवा बेगड लावलेल्या पुठ्ठ्यावर शिवून त्याचे दागिने करतात. विवाहानंतरच्या पहिल्या संक्रांतीस सुनेला काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर हलव्याचे मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कर्णफुले, बिंदी असे अलंकार घालतात. जावयासाठी हार, गुच्छ व श्रीफळ असते. मुलाच्या बोरन्हाणातही हे दागिने लागतात. काळ्या वस्त्रावर पांढरे काटेरी दाणे उठून दिसतात, आणि समारंभानंतर दागिना मोडून खाता येतो. दागिना करणारी व तो घालणारी या दोघींचे नाते मात्र नेहमीच साधे नव्हते. जुन्या एकत्र कुटुंबांत असे जिकिरीचे काम पुष्कळदा घरातील विधवा आत्या, मावशी किंवा आजेसासूकडे असे. सोवळ्यातील स्वयंपाकावर तिचा अधिकार चाले. परंतु हळदीकुंकू तिला वर्ज्य होते आणि तिच्या हातचा हलवा वाण म्हणून ज्या सुवासिनींना दिला जाई, त्यांत तिची गणना नव्हती. घरोघरच्या कितीतरी नामांकित पाककृती या स्त्रियांच्या होत, आणि त्यांपैकी बहुतेकींची नावे त्यांच्याच कुटुंबांतही आज कोणास ठाऊक नाहीत.

यूरोपातही दाण्यावर साखर चढविण्याची पद्धत जुनी आहे. तेथे ओवावर्गीय बिया व बदाम यांवर टांगत्या कढईत पाकाची पुटे देत. इटलीत विवाहप्रसंगी वाटण्यात येणाऱ्या साखरी बदामांना ‘कन्फेटी’ म्हणतात. समारंभात उधळण्याच्या कागदी कपट्यांना मिळालेले नाव यावरूनच आले. महाराष्ट्रात गुढीपाडव्याच्या साखरगाठी साच्यात ओतून करतात. ते काम प्रायः हलवायांचे असल्याने त्याचा येथे निर्देश पुरे.

आयसिंग : केकवर साखरेचा लेप देण्याची रीत इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत स्थिर झाली. साखर व अंड्याचा पांढरा बलक फेटून तो लेप भाजलेल्या केकवर देत आणि मंद आचेवर वाळवीत. एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या १७६९ च्या पाकग्रंथात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा व त्यावर साखरेचा असे दोन थर सांगितले आहेत. बलकाचा लेप कठीण होतो. त्यातील प्रथिनांचे जाळे हवेचे बुडबुडे धरून ठेवते व पाणी उडून गेल्यावर घट्ट बसते. लोणी व पिठीसाखर यांचा मऊ लेप यानंतरचा असून घरगुती केकसाठी तोच अधिक प्रचारात आला.

पश्चिम किनाऱ्यावर गोव्यात पोर्तुगीज काळापासून अंडी, साखर व नारळ यांचे भाजीव गोड पदार्थ रुळले होते. बेबिंका व रव्याचा बाथ ही त्यांची उदाहरणे होत. देशावर केक आला तो मुख्यतः पुणे, खडकी यांसारख्या लष्करी छावण्यांतून आणि इराणी व गोमंतकीय बेकऱ्यांतून. पुण्याच्या लष्कर भागातील १९५५ मध्ये निघालेली कयानी बेकरी आजही प्रसिद्ध आहे. तो घरात शिरण्यास दोन अडचणी होत्या : एक अंड्याची आणि दुसरी भट्टीची. मराठी घरातील अग्नी खालून लागतो. वरून व खालून अशी दुहेरी आच देऊन ‘भानोले’ करणारे पाठारे प्रभू हा ठळक अपवाद होय. नानकटाईसाठी तूप, साखर व मैदा घरून नेऊन ती बेकरीतून भाजून आणण्याची पद्धत शहरांत व तालुक्याच्या गावी बराच काळ होती. केकसाठी गृहिणींनी वेगळा मार्ग काढला. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून तीवर डबा ठेवणे, झाकणावर निखारे ठेवणे, पुढे शिट्टी काढलेल्या कुकरचा भट्टीसारखा उपयोग करणे, आणि विजेचा गोल ओव्हन, असे त्याचे टप्पे सांगता येतात. अंड्याऐवजी दही व खाण्याचा सोडा किंवा डब्यातील आटवलेले गोड दूध घालून केलेला बिनअंड्याचा केक ही तर आता भारतीय घरांची स्वतंत्र जातच झाली आहे.

घरगुती आयसिंगसाठी साखर खलबत्त्यात कुटून किंवा जात्यावर दळून वस्त्रगाळ करीत. सायीचे विरजण घुसळून काढलेले लोणी थंड पाण्याने धुऊन, त्यातील ताक व पाणी पूर्णपणे निपटून घेणे आवश्यक असते. पाणी राहिल्यास मिश्रण फुटते व साखरेचे गोळे होतात. लोणी एकाच दिशेने फेसत, तीत साखर थोडी थोडी मिसळीत. वासासाठी पुस्तकात व्हॅनिला सांगितलेला असला, तरी पुष्कळ घरांत वेलदोडा, जायफळ किंवा संत्र्याची साल आली. लोण्याचा हा लेप इंग्लंडच्या हवेला मानवतो. लोणी सु. ३२ ते ३५ अंश से. तापमानास वितळते, आणि इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. म्हणून उन्हाळ्यातील वाढदिवसाला लोण्यात वनस्पती तूप मिसळण्याची युक्ती सर्वत्र पसरली. ते अधिक तापमानापर्यंत घट्ट राहते. वनस्पती तुपातील अपायकारक स्निग्धांशाचे प्रमाण २०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांवर मर्यादित करण्यात आले आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. पाकाचे आयसिंग करताना त्यात लिंबाचा रस पिळतात. आम्लामुळे साखरेचा काही भाग द्राक्षशर्करा व फलशर्करा यांत विघटित होतो आणि स्फटिक मोठे होत नाहीत. चिरोट्यांच्या व गुलाबजामांच्या पाकात लिंबू पिळणाऱ्या आजीचे आणि केकच्या पुस्तकाचे येथे पूर्ण एकमत दिसते. त्याचप्रमाणे मराठीतील ‘गोळीबंद पाक’ व पाश्चात्त्य हलवायांची मऊ गोळीची अवस्था ही एकच होय. ती ११२ ते ११६ अंश से. तापमानास येते. तापमापक नसताना ती पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून ओळखत. एकतारी व दोनतारी पाक तर बोटांनीच ओळखावयाचा.

लिखित परंपरा : पाकशास्त्रावरील ग्रंथ या भूमीला नवे नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात ‘अन्नभोग’ हे प्रकरण आहे. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त याने तंजावरच्या मराठी राज्याच्या आश्रयाने भोजनकुतूहल हा संस्कृत ग्रंथ रचला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५) हे मराठीतील पहिले मुद्रित पाकपुस्तक समजले जाते. या ग्रंथांचे कर्ते पुरुष आहेत, आणि त्यांत नोंदलेला अनुभव बहुतांशी स्त्रियांचा असावा. ही विसंगती दूर करणारे महत्त्वाचे पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया (१९१०). किर्लोस्कर संस्थेचे स्त्री मासिक १९३० मध्ये निघाले. अशा नियतकालिकांतून आलेल्या पाककृतींची कात्रणे घरोघरच्या वह्यांत चिकटली. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे रुचिरा प्रसिद्ध झाले. त्याचे यश मुख्यतः मापांत आहे. वजनकाट्याऐवजी घरातील वाटी व चमचा हे प्रमाण धरून त्यांनी अंदाजाला शिस्त लावली. माहेरापासून दूर, शहरातील दोन खोल्यांत किंवा परदेशात संसार मांडणाऱ्या मुलींना विचारावयास वडीलधारे कोणी नव्हते. ती उणीव या पुस्तकाने भरून काढली. म्हणूनच लग्नात ते आहेर म्हणून देण्याची प्रथा पडली. दुर्गा भागवत यांच्या खमंगमध्ये पाककृतींबरोबर त्यांच्या आठवणींनाही स्थान आहे.

छापील पुस्तकाहून घरची वही वेगळी. ती सामान्यतः शाळेच्या जुन्या वहीच्या किंवा जमाखर्चाच्या डायरीच्या उरलेल्या पानांवर लिहिलेली असते. तीत पदार्थाच्या नावाबरोबर तो कोणाचा हेही लिहिलेले आढळते, उदा., ‘माईंचा चिवडा’, ‘शेजारच्या काकूंचे आयसिंग’. कृती त्रोटक असते. जे सर्वांना ठाऊकच आहे ते लिहिण्याचे कारण वाटत नसे. ‘मावेल तितके पीठ’, ‘हाताला लागेल इतपत’, ‘वास सुटेपर्यंत’ ही मापे ज्या मुलीने आईशेजारी उभे राहून काम केले आहे तिलाच कळतात. ती साखळी एकदा तुटली की वही हाती असूनही पदार्थ हाती राहत नाही.

या वह्यांचे वाचन आणखी एका कारणाने अवघड झाले आहे. १९५८ ते १९६२ या काळात देशात दशमान वजनेमापे टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि शेर, अदपाव, नवटाक, चिपटे, कोळवे ही मापे व्यवहारातून गेली. त्यापूर्वीच्या वहीत ‘एक शेर साखर’ असे लिहिले असेल तर तो कोणता शेर, हे आधी ठरवावे लागते. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सु. ९३३ ग्रॅमचा होता. मुंबईचा शेर सु. २८ तोळ्यांचाच होता. मुंबईच्या माहेराहून पुणे जिल्ह्यात दिलेल्या मुलीची वही या भेदाकडे दुर्लक्ष करून वाचल्यास साखर जवळजवळ तिप्पट पडते. शेर वजनाचा की मापाचा हा प्रश्न त्याहून वेगळा. अशा वेळी त्याच वहीतील इतर पदार्थांची प्रमाणे ताडून, लिहिणारीचे माहेर कोणते हे पाहून निर्णय घ्यावा लागतो. इतिहाससंशोधक जुन्या कागदपत्रांबाबत जी चिकित्सा करतो, तीच येथे लागते. फरक इतकाच, की दप्तरखान्यातील कागद जपले गेले आणि स्वयंपाकघरातील वह्या घर बदलताना, वाटण्या होताना रद्दीत गेल्या.

आईच्या पाककृती जपण्यामागील भावना किती खोल असू शकते, याचे एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. चेकोस्लोव्हाकियातील टेरेझीन येथील नाझी बंदिवासात उपासमार सोसणाऱ्या ज्यू स्त्रियांनी आठवणीतून आपल्या घरच्या पाककृती कागदाच्या तुकड्यांवर लिहून ठेवल्या. त्यांत केक व पक्वान्ने पुष्कळ आहेत. मिना पेख्टर या १९४४ मध्ये तेथेच मृत्यू पावल्या. मुलीला पोचविण्यासाठी त्यांनी एका स्नेह्याजवळ दिलेले हे बाड हातोहात फिरत सु. २५ वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची मुलगी ॲनी स्टर्न यांच्या हाती पडले, आणि १९९६ मध्ये त्याचे इंग्रजी पुस्तक निघाले. अनेक कृतींत एखादा घटक राहून गेला आहे किंवा प्रमाण चुकले आहे. भुकेल्या माणसाच्या स्मरणाचे ते दोष संपादकांनी तसेच ठेवले.

सद्यःस्थिती : हलवा आता फिरत्या पात्रांत यंत्राने होतो आणि त्याचे तयार दागिने पौषाच्या आधीपासून दुकानांत मिळतात. दागिन्यांत मनगटी घड्याळ व भ्रमणध्वनी यांचीही भर पडली आहे. आयसिंगसाठी पिठीसाखर तयार मिळते. तीत गोळे होऊ नयेत म्हणून बहुधा मक्याचे पीठ मिसळलेले असते. लोण्याच्या आयसिंगची जागा बव्हंशी वनस्पतिजन्य मलईने घेतली असून ती शीतकपाटाशिवाय टिकत नाही. रावळगावच्या गोळ्यांची नावे २०२४ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. घरगुती केक करून विकण्याचा व्यवसाय तालुक्याच्या गावांतून अनेक स्त्रिया करतात. त्यांचे शिक्षण बहुतांशी चित्रफितींवरून होते आणि प्रमाणे ग्रॅममध्ये असतात. हाताने काटेरी हलवा करणाऱ्या स्त्रिया थोड्या उरल्या आहेत. त्यांच्याकडून शिकावयास येणाऱ्यांना त्या प्रथम पाक देत नाहीत. रिकाम्या परातीत नुसते दाणे फिरवावयास लावतात आणि बोटांना आच कळू लागली की मग चमचा हाती देतात.